नववीतल्या मुलांना निरागस म्हणू नका

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मला आत्याने दिली तेव्हा मी स्वतः नववीत होते. ‘वाच, मजा येईल. आमची शाळा अगदी अशीच होती,’ ती म्हणाली. मी दोन रात्रींत कादंबरी संपवली. मजा काही आली नाही. शेवटची पानं वाचून मी पांघरुणात तोंड खुपसून रडले आणि आत्याने ‘किती गोड आहे ना?’ असं विचारलं तेव्हा हो म्हणून मोकळी झाले.

त्या वर्षी माझी तुकडी बदलली होती. आठवीच्या मार्कांवरून आमच्या शाळेने नव्या याद्या लावल्या आणि मी ‘अ’मधून ‘क’मध्ये गेले. घरात, बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत माझी एकच ओळख होती: हुशार. जूनच्या एका सकाळी नोटीस बोर्डावरच्या कागदाने ती काढून घेतली. पुढचे तीन-चार महिने डबा अर्धा परत यायचा. रात्री झोप यायची नाही आणि वर्गात डोळे उघडे राहायचे नाहीत. आईने काही विचारलं की मी खेकसायचे. चित्रं काढायला आवडायची, तेही थांबलं. बाईंनी वहीत ‘लक्ष नाही’ असा शेरा मारला. घरी म्हणाले, ‘वयच तसं आहे, जाईल.’

गेलं, बऱ्याच अंशी. पण ‘शाळा’बद्दल कुठेही काही वाचलं की मला ती रात्र आठवते. कारण गेल्या वीस वर्षांत या कादंबरीबद्दल जे बोललं जातं त्यात दोन शब्द हमखास असतात: ‘निरागस’ आणि ‘नॉस्टॅल्जिया’. दोन्ही शब्द मोठ्यांचे आहेत. नववीत असताना कोणालाही आपण निरागस आहोत असं वाटत नाही, आणि ज्यात आपण अडकलोय त्याचा नॉस्टॅल्जिया येत नाही. मला वाटतं, ‘शाळा’ आणि तिच्यानंतर आलेला ‘फँड्री’ या आपल्याकडच्या दोन महत्त्वाच्या किशोरकथा आपण जरा चुकीच्या खणात ठेवल्या आहेत. आपण त्यांना पहिल्या प्रेमाच्या गोष्टी म्हणतो. त्या खरं तर ‘मी कोण’ याचं उत्तर कसं बनतं आणि कसं मोडतं, याच्या गोष्टी आहेत. आणि ते उत्तर मोडण्याचा उदासीशी काय संबंध असतो, हे त्यांत बारकाईने आलेलं आहे.

नववीच का?

‘शाळा’ २००४ साली आली. काळ आणीबाणीचा, मुकुंद जोशी नववीत. बोकिलांनी ही इयत्ता का निवडली मला माहीत नाही, पण निवड अचूक आहे.

१९९२ साली सुझान हार्टर आणि अॅन मॉन्सूर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. सातवी, नववी आणि अकरावीतल्या मुलामुलींना त्यांनी विचारलं: आईवडिलांसोबत तू कसा असतोस? मित्रांसोबत? वर्गात? आणि जी व्यक्ती आवडते तिच्यासमोर? मुलांनी आपापले गुण लिहिले. मग एकात एक वर्तुळं असलेल्या कागदावर ते गुण मांडले, जो जास्त ‘आपला’ वाटतो तो मध्याजवळ. शेवटी त्यांना विचारलं, यातले कोणते एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि कोणते आतमध्ये भांडतात?

सातवीतल्या मुलांना विरोध फारसे दिसलेच नाहीत. घरी चिडका, मित्रांत हसरा. त्यात काय एवढं! अकरावीतल्या मुलांना ते दिसत होते, पण त्रास कमी होता. ‘माणूस वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा असतोच,’ इथपर्यंत ती पोचली होती. सगळ्यात जास्त भांडण नववीत होतं. त्या वयात दोन विरोधी ‘मी’ शेजारी ठेवून बघण्याइतकी बुद्धी आलेली असते, पण दोघांना एका घरात नांदवायची युक्ती अजून सापडलेली नसते. मग प्रश्न पडतो, यातला खरा मी कोणता? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: म्हणजे बाकीच्या ठिकाणी मी खोटा आहे का?

अभ्यास अमेरिकन मुलांचा आहे. आपल्याकडची घरं, शाळा वेगळ्या. पण ‘शाळा’ उघडून पाहा, त्या कागदावरची चारही वर्तुळं तिथे आहेत.

मुकुंदच्या चार खोल्या

मुकुंद घरी एक आहे, वर्गात दुसरा. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये सुऱ्या, चित्रे आणि फावड्याबरोबर बसतो तेव्हा तिसरा. आणि शिरोडकरसमोर चौथा, ज्याच्याबद्दल त्याला स्वतःलाच फार माहिती नाही. बोकिलांची कमाल ही की हे कुठेही सांगितलेलं नाही. सगळं मुकुंदच्या आवाजात आहे आणि माणूस बदलला की तो आवाज बदलतो. बिल्डिंगमधली भाषा घरी चालत नाही. मोठ्या बहिणीला तो मनातल्या मनात चिडवतो ते टोपणनाव तोंडावर घेता येत नाही. नरूमामाशी बोलताना तो अचानक दोन वर्षांनी मोठा होतो. ‘लाइन’ हा शब्द मित्रांत सहज फेकता येतो, पण शिरोडकर समोर आली की तोच शब्द त्याला घाण वाटायला लागतो.

हा शेवटचा मुद्दा मला कादंबरीचा कणा वाटतो. मित्रांसमोरचा मुकुंद आणि शिरोडकरसमोरचा मुकुंद एकमेकांना ओळख देत नाहीत. सुऱ्या ज्या धसमुसळेपणाने आपल्या ‘लाइन’बद्दल बोलतो त्यात मुकुंदला सामील व्हायचंय आणि व्हायचंही नाहीये. वाचणारे मोठे इथे हसतात. प्रसंग विनोदी आहेतच. पण मुकुंदच्या बाजूने बघितलं तर तो दिवसभर एका ‘मी’पासून दुसऱ्या ‘मी’ला लपवत फिरतोय, आणि हे काम दमवणारं आहे.

तरी तो तुटत नाही. का? मला वाटतं, कारण त्याच्याकडे खोल्या अनेक आहेत. वर्गात अपमान झाला तर बिल्डिंग आहे. बिल्डिंगमध्ये नको झालं तर नरूमामा आहे. घरात समजून घेणारे वडील आहेत. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदसमोर फक्त दहावी उरते, तेव्हा एक खोली कायमची बंद होते, आणि मित्रांची खोलीही पूर्वीसारखी राहिलेली नसते. मी पांघरुणात रडले ते इथे. ‘प्रेम यशस्वी झालं नाही’ याचं मला काहीच नव्हतं. माझ्याकडे खोली एकच होती आणि तिला कुलूप लागलं होतं, हे मला पहिल्यांदा कुठेतरी लिहिलेलं दिसलं.

एका खुंटीवरचं ओझं

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाने १८९० साली आत्मसन्मानाचं एक अपूर्णांकात मांडलेलं सूत्र दिलं: वर यश, खाली अपेक्षा. मजा अशी की कोणत्या गोष्टीत यश हवंय हे आपण ठरवतो, निदान तसं आपल्याला वाटतं. ज्या गोष्टीवर आपण स्वतःला टांगलेलंच नाही तिथे हरलो तरी फरक पडत नाही. मला खोखो येत नव्हता, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण ‘हुशार’ या एका खुंटीवर मी अख्खी टांगलेली होते.

पुढे हार्टरनेच यात दुसरा भाग जोडून दाखवला: आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी जमतायत का, आणि आपल्याला महत्त्वाची वाटणारी माणसं आपल्याला मानतात का. किशोरवयात ही दोन्ही दारं एकाच वेळी बंद झाली की आत जे साचतं त्याचा उदासीशी जवळचा संबंध असतो.

आता कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न येतोच. उदास असल्यामुळे स्वतःबद्दल वाईट वाटतं, की स्वतःबद्दल वाईट वाटत राहिल्याने माणूस उदास होतो? सोविस्लो आणि ऑर्थ यांनी २०१३ साली दीर्घकाळ चाललेले ७७ अभ्यास एकत्र करून बघितले. दोन्ही दिशांनी परिणाम सापडला, पण कमी आत्मसन्मानाकडून नैराश्याकडे जाणारा परिणाम उलट दिशेच्या साधारण दुप्पट होता. आकडे तसे लहानच आहेत. घरची परिस्थिती, शरीर, झोप, आनुवंशिकता असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. पण ‘आधी मूड सुधार, मग स्वतःबद्दल बरं वाटेल’ हा सल्ला निम्माच खरा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

मराठीत या सगळ्यासाठी आपण एकच शब्द वापरतो: न्यूनगंड. त्याला न्यूनगंड आहे, तिला न्यूनगंड आहे. शब्दातच गाठ आहे, आणि ती त्या मुलाच्या आत आहे असं आपण धरून चालतो. गाठ कोणी मारली, हे विचारायची सोय त्या शब्दात नाही. म्हणून मला ‘शाळा’च्या शेजारी ‘फँड्री’ ठेवावासा वाटतो.

प्रेक्षक काल्पनिक नसतो तेव्हा

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मी कॉलेजात असताना पाहिला. जब्या साधारण मुकुंदच्याच वयाचा. त्यालाही वर्गातली एक मुलगी आवडते, तोही तिच्याशी धड बोलू शकत नाही. मुकुंदसारखाच तोही आरशात बघतो. पण मुकुंदला आरशात ‘मी कसा दिसतो’ हा प्रश्न पडतो. जब्याला उत्तर आधीच मिळालेलं आहे. म्हणून तो नाक सरळ व्हावं यासाठी नाकाला चिमटा लावून बसतो. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल या आशेवर रानोमाळ फिरतो. त्याला आपलं आयुष्य बदलायचं आहे, पण बदलायला हाताशी सापडतं ते फक्त आपलं नाक.

डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. किशोरवयातल्या मुलाला सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. तोंडावर एक पुटकुळी आली तर अख्ख्या वर्गाला दिसणार. मोठे झाल्यावर कळतं, कोणाला एवढा वेळ नव्हता. मुकुंदच्या बाबतीत हे बऱ्यापैकी लागू पडतं. जब्याच्या बाबतीत ही कल्पना उघडी पडते. चित्रपटाच्या शेवटी शाळेजवळच डुकरं पकडायला कैकाडी माने कुटुंब उतरतं, आणि प्रेक्षक खरोखर जमतो. वर्गातली मुलं, गावातले रिकामटेकडे, आणि शालूसुद्धा. ते हसतात, ओरडतात, चिडवतात. कैकाडी भाषेत डुकराला ‘फँड्री’ म्हणतात. तो शब्द आता जब्यावर फेकला जातो. जब्या लपायला बघतो आणि बाप त्याला मारत बाहेर काढतो. बापाला पोराची लाज कळत नाही असं नाही. ते काम झालं नाही तर बहिणीच्या लग्नाचे पैसे कुठून येणार, हे त्याला जास्त कळतं.

इथे मुकुंदच्या चार खोल्या आठवा. जब्यालाही घर, वर्ग, पिऱ्यासारखा मित्र, चंक्याचं सायकलचं दुकान अशा वेगवेगळ्या जागा होत्या. प्रत्येक ठिकाणी तो थोडा वेगळा होऊन बघत होता. जातीचं काम शाळेच्या दारात येतं त्या क्षणी सगळ्या भिंती पाडल्या जातात. वर्गातला जब्या, शालूसमोरचा जब्या, घरातला जब्या, सगळे एकाच मोकळ्या मैदानात, एकाच नजरेसमोर. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर तो ताठ उभा राहतो आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर दिसतात. समतेचा धडा आणि रोजचा अनुभव यांच्यात हे पोर उभं आहे. नववीतलं आतलं भांडण इथे आत राहिलेलंच नाही.

आणि मग तो दगड. त्याबद्दल खूप लिहून झालंय, मी एवढंच म्हणेन: लोकांनी दिलेलं चित्र मुकाट्याने स्वतःचं मानणं हा एक रस्ता असतो, आणि तो बहुधा अंधाराकडे जातो. जब्या ते चित्र परत फेकतो. याने तो सुखी होईल असं मंजुळे सांगत नाहीत. पण चूक कोणाची, हा हिशेब दगडाने सरळ केलाय. न्यूनगंडाची गाठ ज्यांनी मारली त्यांच्याकडे, म्हणजे पडद्यासमोर बसलेल्या आपल्याकडेही, तो दगड येतो.

आणि शिरोडकर?

इथवर लिहून मला माझ्याच वाचनाशी भांडायचं आहे. नववीत मी, एक मुलगी, ‘शाळा’ वाचताना मुकुंद झाले. शिरोडकर व्हायचा पर्याय मला कादंबरीने दिलाच नाही. तिला आपण ओळखतो तेही आडनावानेच. ती हसली का, तिने बघितलं का, ती आज आली का, हे सगळं आपल्याला कळतं. तिला रात्री झोप येत होती का, हे कळत नाही. ‘फँड्री’तली शालू तर त्याहून दूर आहे. दोन्ही कलाकृतींत मुलगी म्हणजे मुलाचा आरसा. मुलगा त्यात बघून ठरवतो, मी कोण.

हा मुद्दा नुसता न्यायाचा नाही. वयात येईपर्यंत मुलामुलींत नैराश्याचं प्रमाण फारसं वेगळं नसतं. त्यानंतर मात्र मुलींमधलं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं, आणि हे अनेक देशांत दिसून आलंय. हार्टर आणि मॉन्सूर यांच्या कागदावरही वेगवेगळ्या ‘मीं’ची भांडणं मुलींनीच जास्त नोंदवली होती. म्हणजे जिथे गोष्ट सर्वात जास्त घडतेय, तिथे आपले हे दोन्ही कॅमेरे बाहेरूनच बघतात. पहिल्या पुरुषी एकवचनात लिहिलेल्या कादंबरीत दुसऱ्याचं मन दिसणार नाही, हे मान्य. मुकुंदला जे दिसत नव्हतं ते बोकिलांनी दाखवलं नाही यात तंत्राचा प्रामाणिकपणाही आहे. पण आपण वाचकांनी दोन दशकं ‘शिरोडकर किती गोड’ म्हणत काढली. वडिलांबरोबर गाव सोडताना, सगळ्या खोल्या एकदम रिकाम्या करताना, तिच्या आत काय झालं असेल, हे आपण विचारलं नाही. तिची नववी लिहिली जायला हवी. मला ती आत्याने दिली असती तर मी कदाचित ‘गोड आहे’ असं खोटं बोलले नसते.

खिशातला आरसा

हे तुम्ही फोनवर वाचताय. मुकुंदचा काळ आणि तुमचा काळ यांतला मोठा फरक तुमच्या हातातच आहे. मुकुंदची बिल्डिंग सुरक्षित होती कारण तिथलं बोलणं वर्गात पोचत नव्हतं. आज चारही खोल्यांतली माणसं एकाच फॉलोअर्सच्या यादीत असतात: मावशी, क्लासचे सर, शाळेतला ग्रुप आणि ती एक व्यक्ती. मग कोणता ‘मी’ पोस्ट करायचा? बरेच जण दोन अकाउंट ठेवतात, एक सगळ्यांसाठी आणि एक चार जणांसाठी. मोठ्यांना यात लपवाछपवी दिसते. मला त्यात ती अर्धवट बांधलेली बिल्डिंग दिसते.

सगळा दोष फोनला द्यायचा माझा विचार नाही. माझी यादी कागदावर, चार पिनांनी टोचलेली होती, आणि जब्याच्या बाबतीत गावाला कशाचीच गरज पडली नाही. मुद्दा नजरांचा आहे. किती नजरा, किती ठिकाणांहून, आणि त्यांतल्या एखादीपासून तरी सुटका आहे का.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. चाळीस-पन्नासच्या वर्गात तीन-चार जण. रडू येणं म्हणजे नैराश्य नव्हे. मुकुंद रुग्ण नाही, जब्याही नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, आवडती गोष्ट, सगळंच हातातून सुटत असेल, सतत चिडचिड होत असेल, आपण नसलो तर बरं असं वाटत असेल, तर ते ‘वय’ नसतं. तेव्हा एखाद्या मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे जा, किंवा १४४१६ या सरकारच्या मोफत टेली-मानस हेल्पलाइनवर फोन करा.

माझ्या बाबतीत ‘क’ तुकडीतल्या एका मुलीने मागच्या बाकावरून विचारलं होतं, ‘तू वहीच्या मागे चित्रं काढायचीस ना? का थांबवलीस?’ तिला माझे मार्क माहीत नव्हते, किंवा त्यांच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मी त्या दिवशी तिच्या वहीवर एक मांजर काढून दिलं. ते नीट जमलं नाही. पण त्या आठवड्यात डबा पहिल्यांदा रिकामा घरी गेला.